पूजेला बसलेल्या जाळ्या

आमच्या जिनातल्या लोखंडी जाळ्या अत्यंत सुरक्षित होत्या. माणसांबद्दल मी तितक्या छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण जाळ्यांना साधा ओरखडा आला नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. एकदा सांगितलंही. त्याचीच ही गोष्ट.

जिन म्हणजे कापसातली सरकी आणि रुई वेगळी करायचा कारखाना. साठ-एकसष्टच्या सुमारास मी पांढरकवड्याच्या एका जिनात टाइमकीपर होतो. मॅट्रिक तिसऱ्या खेपेला पास, अंगात एक टेरिकॉटचा शर्ट, आणि अक्षर असं की पाहणाऱ्यानं मजकूर न वाचताच सही करावी. नोकरी मला अक्षरावरच मिळाली. शेठजींनी माझा अर्ज उजेडात धरून आडवा पाहिला, उभा पाहिला आणि म्हणाले, "वा! हिशेब चुकला तरी वही चांगली दिसेल."

शेठजी मनानं वाईट नव्हते. गोष्ट सांगणाऱ्याची ही मोठी अडचण आहे. शेठ दुष्ट असला की काम सोपं होतं. आमचे शेठजी रोज सकाळी मुंग्यांना साखर घालत, बायामाणसांना "बाई" म्हणून हाक मारत, आणि कुणाच्या घरी मयत झाली की स्वतः जात. फक्त एक गोष्ट त्यांना सहन होत नसे. चालू जिन थांबलं की त्यांचा श्वास थांबायचा. ते जेवत असले आणि पट्ट्याचा आवाज बंद झाला, तर हातातला घास हातातच राही.

जिनाच्या प्रत्येक यंत्राच्या बाजूला दातेरी चाकं असत, एकात एक अडकून फिरणारी. कारखान्याच्या तपासणीला आलेल्या एका साहेबांनी आदल्या वर्षी सांगितलं होतं की, या चाकांवर जाळ्या बसवा. शेठजींनी नागपूरहून जाळ्या मागवल्या, हिरव्या रंगाच्या, भक्कम, चार-चार बोल्टांच्या. आल्या, सगळ्यांनी पाहिल्या, कौतुक झालं. मग मिस्त्रीनं सांगितलं की, चाकांना दिवसातून चार वेळा तेल द्यावं लागतं आणि दर वेळी यंत्र थांबवून बोल्ट खोलावे लागतील. शेठजींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा निर्णय झाला होता. जाळ्या ऑफिसात, त्यांच्या गादीशेजारच्या चौरंगावर रांगेनं उभ्या राहिल्या. साहेब येणार अशी वर्दी आली की बसवायच्या, साहेब गेले की काढायच्या. पण वर्दी आलीच नाही.

एवढ्यावर राहिलं असतं तर ही लबाडी इतर चार जिनांसारखीच झाली असती. पण आमच्या लबाडीला धर्माची जोड मिळाली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. काटा, वजनं, पाने, हातोडे, मिस्त्रीची करवत, माझा टाक आणि दौतसुद्धा. जाळ्या चौरंगावर होत्याच, त्यामुळे त्यांचीही झाली. शेठजींनी स्वतः प्रत्येक जाळीवर हळदीची पाच बोटं उमटवली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, लाल दोरा गुंडाळला. आणि शेठजींचा नेम असा की, पूजेची हळद-कुंकू पुसायचं नाही. ते आपोआप झडेल तेव्हा झडेल. काटा, हातोडे रोजच्या वापरातले, त्यांचं आठवड्यात झडलं. जाळ्या वापरातच नव्हत्या. त्यांचं कसं झडणार?

आता तेलवाल्याबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट त्याची आहे. यंत्रांना तेल देणारा म्हणून तो तेलवाला. पस्तिशीचा, काटक, आणि बोलायला असा की समोरच्याला आपली फजिती झाली हे घरी गेल्यावर कळावं. छप्पन साली दसऱ्याला तो नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता. तेव्हापासून पूजेत उभा राहत नसे. त्या दिवशी तो तेलाची बुधली घेऊन ऑफिसाच्या दाराबाहेर बसे.

"तू हात नको जोडू बाबा," शेठजी म्हणत, "पण पेढा तं घे."

"पेढा घेतो न शेठजी. पेढ्याचं कोणासंगच वाकडं नाही."

दोघांचं असं चालायचं.

पौष महिन्यातली दुपार होती. कापसाच्या गाड्यांची फाटकाबाहेर रांग लागलेली, जिन जोरात. चाकांत रुईचा बोळा अडकला होता म्हणून तेलवाल्यानं तो चालत्या यंत्रातच बोटानं काढायला घेतला. रोज काढायचा. त्या दिवशी चाकानं हात ओढला. त्या यंत्रावर कापूस टाकणारी बाई किंचाळली, मिस्त्रीनं दांड्यानं पट्टा उतरवला, आणि जिन थांबलं. उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली. मी धावत गेलो तेव्हा तो जमिनीवर बसला होता आणि डाव्या हातानं उजवं मनगट दाबून, अगदी हळू आवाजात म्हणत होता, "पाणी नका देऊ, पाणी नका देऊ." कुणी देतही नव्हतं. सगळे नुसते उभे होते.

रुई घेऊन निघालेल्या ट्रकमधून त्याला दवाखान्यात नेलं. शेठजी खरोखर रडले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत ते ऑफिसात आले आणि रडता रडताच मिस्त्रीला म्हणाले, "जाळ्या बसव."

पाने मीच काढून दिले. मिस्त्री हुशार. त्यानं चौरंगावरून पहिली जाळी उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "शेठजी, हे नवी नवरी वाटून राह्यली. थोडं ग्रीस चोपडतो वरून. जुनी दिसन."

शेठजींचं रडणं थांबलं. "हळदी-कुंकवावर ग्रीस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आधीच यंत्र कोपलं आहे!"

माळा तेवढ्या उतरवल्या. बाकी सगळ्या शृंगारासह जाळ्या बंद यंत्रांवर चढल्या; पंचनामा झाला की, जिन सुरू व्हायच्या आत, त्या पुन्हा चौरंगावर जायच्या होत्या, आणि गेल्याही. मग शेठजी माझ्याकडे वळले. अपघाताची नोंद करायची होती. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: "सदर कामगाराने सक्त मनाई असतानाही संरक्षक जाळी स्वहस्ते काढून टाकली व यंत्रात हात घातला." 'स्वहस्ते' हा शब्द माझा. शेठजींनी नुसतं "आपल्या हातानं" म्हटलं होतं.

त्या वाक्याचा अर्थ मला पुढच्या आठवड्यात कळला. कायदा असा होता की, यंत्रावर काम करताना माणूस जायबंदी झाला तर मालकानं भरपाई द्यायची. पण कामगारानं मुद्दाम संरक्षणाचं साधन काढून टाकलं असेल, तर मालक मोकळा. म्हणजे माझ्या एका सुंदर वाक्यानं तेलवाल्याची तीन बोटं फुकटात गेली होती.

शेठजी त्याला भेटायला दवाखान्यात गेले, मलाही नेलं. एका पिशवीत मोसंबी, दुसरीत कागद. शेठजी त्याच्या खाटेवर बसले, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तू काळजी करू नको. तुझ्या घरचं दाणापाणी मी पाहीन. कायद्याबियद्यात पडू नको. माझ्या खुशीनं देईन. फक्त या कागदावर अंगठा कर." कागदावर चूक त्याची आणि तक्रार नाही असं लिहिलेलं. अक्षर अर्थातच माझं.

तेलवाल्यानं पट्टी बांधलेला हात वर केला. "शेठजी, अंगठा तं वाचला. तो बी मांगता?"

"अरे, खुशीनं देऊन राह्यलो ना मी!"

"खुशी तुमची आहे. उद्या तुम्ही नाराज झाले तं मी कोणाच्या तोंडाकडे पाहू? देणं असन तं हक्काचं द्या. नसन तं नका देऊ. पण दिवाळीच्या चिवड्यासारखं नका देऊ."

शेठजींना खरंच वाईट वाटलं. परतताना म्हणाले, "पाहिलंस? माणुसकीचे दिवस राहिले नाहीत." मोसंबीची पिशवी मात्र त्यांनी तिथेच ठेवली, हे नोंदवलं पाहिजे.

माझं वाक्य जिनात कसं पसरलं कुणास ठाऊक. बहुधा हमालांतल्या कुणा शिकलेल्यानं वही चाळली. सोमवारी हजेरी घ्यायला गेलो तर बायांच्या रांगेत कुजबुज. जी बाई त्या यंत्रावर होती, ती कमरेवर हात ठेवून पुढे आली. "बाबू, तू म्हणे लिहिलं का त्यानं जाळी काढली?"

"शेठजींनी सांगितलं ते लिहिलं, बाई."

"त्या यंत्रावर मी दोन हंगाम बसली. जाळी मले तं कधी दिसली नाही. तुले दिसली?"

मी हजेरीवहीत पाहिलं.

"अक्षर म्हणे मोत्यासारखं आहे याचं," ती बाकीच्यांना म्हणाली, "अन् मजकूर शेणासारखा." आणि सगळ्या जणी हसल्या. त्या दिवशी मी नऊ बायांची हजेरी चुकीची मांडली.

पुढच्या रविवारी तेलवाला माझ्या खोलीवर आला. मी घाबरलो. मला वाटलं, उरलेल्या हातानं तरी तो मला दोन देणार. तो बाजेवर बसला आणि म्हणाला, "अर्ज लिहून दे बाबू. कमिशनरसाहेबाले. भरपाईचा."

"मी? अहो, ती नोंद मीच..."

"तेच म्हणतो. नोंद बी तूच लिहिली. आता हे बी लिही. पैसे घेऊन अर्ज लिहिणारे कचेरीपुढं ढीगभर बसतात, पण तुझ्यासारखं अक्षर कोणाचंच नाही."

लिहिला. शेठजींना कळू नये म्हणून अक्षर डावीकडे झुकवून, वेलांट्या उलट्या काढून लिहिला. स्वतःच्या चतुराईवर मी इतका खूश होतो की, खाली सवयीनं तोच टपोरा पूर्णविराम देऊन, त्याच्या शेजारी नेहमीचं छोटं फूलही काढलं.

तारीख यवतमाळला लागली. शेठजींचा विचार असा की, एस.टी. असताना जीपमध्ये पेट्रोल कायले जाळायचं? त्यामुळे वादी, प्रतिवादी आणि खोटा साक्षीदार असे तिघेही सकाळच्या एकाच बसमध्ये बसलो. चौथी जाळी. शेठजींच्या वकिलांनी निरोप दिला होता की, एक जाळी सोबत आणा. ती किती भक्कम आहे आणि पान्याशिवाय निघत नाही, हे कोर्टात दाखवू. जाळी लाल फडक्यात बांधली होती. मी ती सीटखाली सरकवायला लागलो तर शेठजींनी माझा हात धरला. "पायाशी नको. पूजेतली आहे."

मग ती माझ्या मांडीवर. जोडमोह्यापर्यंत माझे दोन्ही पाय बधिर झाले. कंडक्टर म्हणाला, "हे सामान आहे. तिकीट लागन."

"सामान नाही," शेठजी म्हणाले.

"मंग काय आहे? लेकरू आहे का?"

मागच्या सीटवरून तेलवाला म्हणाला, "अर्धं फाड भाऊ. लाडाची आहे."

शेठजी हसले. मग आपण कुठे चाललोय हे आठवून गंभीर झाले.

कमिशनरसाहेब म्हणजे एक न्यायाधीशच होते. बारीक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि झोपल्यासारखे दिसणारे. असे लोक फार धोकादायक असतात. शेठजींच्या वकिलांच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता आणि आवाज तमाशाच्या फडात शोभेल असा होता. तेलवाल्याला वकील नव्हता. तो, त्याचा हात आणि माझा अर्ज.

आधी मला बोलावलं. साहेबांनी वही पाहिली, अर्ज पाहिला. पुन्हा वही. मग चष्मा वर सरकवून म्हणाले, "या नोंदीच्या शेवटी एक फूल आहे."

"होय, साहेब."

"या अर्जाच्या शेवटीही आहे."

शेठजींनी मान इतकी झटकन वळवली की टोपी जागेवरच राहिली.

"दोन्ही तुम्ही लिहिलं?"

"होय, साहेब."

"नोंद म्हणते यानं जाळी काढली. अर्ज म्हणतो जाळी नव्हतीच. यातलं खरं कोणतं?"

"साहेब, नोंद शेठजींनी सांगितली. अर्ज यानं सांगितला. मी फक्त लिहितो."

कोर्टात खसखस पिकली. साहेब हसले नाहीत. "तुम्ही स्वतः काय पाहिलं?"

इथे मी काहीतरी थोर बोललो असं सांगायला मला फार आवडेल. इतक्या वर्षांत चारचौघांत सांगताना मी तसं सांगूनही पाहिलंय आणि टाळ्याही घेतल्यात. पण झालं ते असं: वकील मध्ये उठले, लाल फडकं सोडलं, जाळी टेबलावर आपटली आणि मला म्हणाले, "ही जाळी त्या यंत्रावर पाहिली की नाही? हो की नाही, एवढंच सांगा!"

जाळी मी त्या यंत्रावर पाहिली होती. अपघातानंतर. माझी नोकरी, माझा टेरिकॉटचा शर्ट, घरी पाठवायची मनीऑर्डर सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, "हो."

तेलवाल्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मग शेठजी उभे राहिले. वकिलांनी त्यांच्याकडून सगळं छान वदवून घेतलं. जाळी हंगामभर यंत्रावर होती, मनाई होती, यानं काढली. वकील ऐटीत बसले. साहेबांनी जाळी पुढे ओढून घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"हे पिवळं काय आहे?"

"हळद, साहेब. पूजेची."

"कधीची पूजा?"

"खंडेनवमीची."

"पाच बोटं अगदी स्पष्ट आहेत. कुंकूही आहे. दोराही आहे." साहेबांनी जाळी नाकाजवळ नेली. "तेलाचा वास नाही. रुईचा एक तंतू नाही. म्हणजे नवमीपासून पौषापर्यंत ही जाळी तेल गळणाऱ्या चाकांवर होती, आणि हळद जशीच्या तशी?"

वकील घाईनं उठले. "साहेब, पुसून घेतली असेल..."

"पुसली तर हळद राहिली कशी?" साहेब शेठजींकडे वळले आणि अगदी सहज, घरच्यासारखं विचारलं, "काय हो शेठजी, तुम्ही धार्मिक माणूस दिसता. पूजेची वस्तू तुम्ही तशीच त्या तेला-चिखलात घातली? हळद-कुंकवासकट?"

शेठजींचा चेहरा लाल झाला. आयुष्यात त्यांच्यावर पुष्कळ आरोप झाले असतील, पण हा असला कुणी केला नव्हता. ते ताठ उभे राहिले.

"काय बोलता साहेब! माझ्या जिनात पूजेला बसलेल्या वस्तूला कोणी हात लावत नाही! चौरंगावरून हलू दिली नाही मी. इंचभर हलू दिली नाही! या बाबूला विचारा!"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. वकिलांनी हळूच आपली पेन्सिल खिशात ठेवली. शेठजी अजूनही अभिमानानं उभे होते. काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानात यायला, मी सांगतो, चांगला वेळ लागला.

"बाबू," साहेब म्हणाले, "तुम्हाला विचारा म्हणताहेत. विचारतो. चौरंगावरून जाळी कधी हलली?"

"अपघात झाल्यावर, साहेब. पाने मीच काढून दिले." हे मी इतक्या मोठ्यानं म्हणालो की शिपायानं दचकून पाहिलं.

निकाल महिन्याभरानं आला. कायद्यात कोणतं बोट गेलं तर किती, याचा तक्ताच असतो. त्याप्रमाणे भरपाई मंजूर झाली. साक्षीच्या दिवशी परतीच्या बसमध्ये शेठजींनी मला नोकरीवरून काढलं आणि पांढरकवडा यायच्या आत परत घेतलं, कारण हंगाम चालू होता आणि दुसऱ्या दिवसाची हजेरी कोण मांडणार? तेलवाला मागून म्हणाला, "बाबू, बस सुटल्यावर लय जोरात धावला तू. पण धावला."

पैसे मिळायचे त्या दिवशी शेठजींनी वेगळाच घाट घातला होता. त्यांना ते पैसे स्वतःच्या हातानं द्यायचे होते. जिनाच्या आवारात मंडप, तेलवाल्याला टोपी-उपरणं, चार प्रतिष्ठित मंडळी, फोटोवाला. "झालं गेलं विसरू," ते मला म्हणाले, "मी त्याला प्रेमानं देईन. सगळ्यांसमोर." खरंच सांगतो, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पण कमिशनरच्या कचेरीचा हुकूम आला की, रक्कम कचेरीत भरा. कामगार कचेरीतूनच उचलेल. शेठजींनी भरली. तेलवाल्यासोबत ओळख पटवायला मी गेलो.

खिडकीत एक कारकून होता, सर्दी झालेला. त्यानं कागद सरकवला. तेलवाला सही करायचा, अंगठा नाही. पण उजव्या हाताची बोटं गेल्यापासून तो डाव्या हातानं सही शिकत होता. एक एक अक्षर काढायला लागला. मागे रांग. कारकून दुसरीच कुठलीशी वही चाळत होता. सही झाली, त्यानं न पाहताच पैसे सरकवले, नाक पुसलं आणि ओरडला, "पुढचा!"

मला राग आला. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मी म्हणालो, "काय उद्धट माणूस आहे! साधं तोंडाकडेसुद्धा पाहिलं नाही."

तेलवाला पैसे सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवत होता. डाव्या हाताला ते नीट जमत नव्हतं, पण त्यानं मला मदत करू दिली नाही. ठेवून झाल्यावर वरून हलकं थोपटलं, आणि त्याचा चेहरा असा खुलला की एवढ्या महिन्यांत मी तसा पाहिला नव्हता.

"नाहीच पाह्यलं न, बाबू!" तो म्हणाला. "ना पाठीवर हात, ना मोसंबी. त्याले माहीत बी नाही मी कोण. मले पाह्यजे होतं ते असंच."